गाडीचा एसी लीक होतोय? गॅस भरायच्या आधी या चुका टाळा

मार्च उजाडला की गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, "एसी थंड करत नाहीये, जरा गॅस मारून द्या ना". मिस्त्रीपण जास्त काही विचारत बसत नाही, गेज लावतो, गॅस मारतो, पैसे घेतो, गाडी गारेगार. आणि मे संपायच्या आत तीच गाडी परत त्याच दारात. यात मिस्त्रीचं काही जात नाही, जातं ते आपल्या खिशातलं, आणि वर कंप्रेसरची वाट लागते ती वेगळीच.

एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नाही हो. तो जळत नाही, खर्च होत नाही, तोच गॅस कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (गाडीच्या पुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), एक्स्पान्शन व्हॉल्व (दाब उतरवणारी बारीक वाट), कूलिंग कॉइल (डॅशबोर्डमागे हवा थंड करणारी) आणि परत कंप्रेसर असा आयुष्यभर फिरत असतो. रबरी होजमधून आणि सीलमधून वर्षाला थोडे ग्रॅम झिरपतात हे खरं आहे, त्यामुळे पाच-सहा वर्षांनी कूलिंग जरा उतरली तर समजू शकतो. पण दर उन्हाळ्यात गॅस लागतोय म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि तो शोधल्याशिवाय भरलेला गॅस हवेत सोडल्यासारखाच आहे. "दरवर्षी भरावाच लागतो साहेब" असं कोणी म्हणालं तर सरळ दुसरं गॅरेज बघा.

गाडीखाली पाणी पडतंय म्हणून घाबरणं

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. एसी लावून गाडी उभी केली की खाली थेंब थेंब पाणी पडतं, ते बघून लगेच "गॅस लीक होतोय" म्हणून धावपळ. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो आणि तो उणे २६ डिग्रीलाच उकळतो, म्हणजे बाहेर पडला की क्षणात हवा होऊन जातो, त्याचं डबकं तुम्हाला कधीच दिसणार नाही. खाली पडतं ते हवेतलं बाष्प, कूलिंग कॉइलवर जमून ड्रेन पाईपने बाहेर येतं. मुंबईत किंवा कोकणात जूनमध्ये भरपूर पडेल, नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात जवळजवळ पडणारच नाही, आणि दोन्ही नॉर्मल आहे.

काळजी करायची ती उलट झालं तर. म्हणजे दमट हवेत एसी चालू असूनही खाली पाणी पडत नाही आणि डावीकडच्या सीटपुढचं मॅटिंग ओलं लागतंय, कार्पेटला कुबट वास येतोय. मग ड्रेन पाईप चोक झालाय. धूळ, पाला, कधी उंदरांनी आणून ठेवलेला कचरा, काहीही निघतं. गाडी वर घेऊन त्या पाईपच्या तोंडातून खालूनच हलक्या प्रेशरने हवा मारली की भसकन पाणी येतं आणि काम झालं. वरून तार खुपसू नका, कॉइलपर्यंत गेली आणि तिला भोक पाडलं तर फुकटचं काम हजारांत जाईल.

आणि मॅटिंगवरचं पाणी चिकट असेल, रंगीत असेल, जरा गोडसर वास येत असेल, पुढच्या काचेवर आतून तेलकट धूर धरल्यासारखं होत असेल तर तो कूलंट आहे, हीटरची कॉइल फुटलीये. एसीवाल्याकडे जाऊन उपयोग नाही, आणि इंजिन तापायच्या आधी दाखवा.

थंड होत नाही म्हणजे गॅसच गेलाय असं धरून चालणं

हायवेला मस्त थंड होतं पण सिग्नलला उभं राहिलं की गरम हवा, असं असेल तर पहिल्यांदा कंडेन्सरचा फॅन फिरतोय का बघा. बरेचदा फॅनची मोटर किंवा रिले गेलेला असतो, नाहीतर कंडेन्सरच्या जाळीत दोन वर्षांची माती अडकलेली असते. (माती काढताना प्रेशर वॉशरची धार जवळून मारू नका, पत्रे वाकतात आणि मग हवाच जात नाही.) हवा थंड आहे पण फोर्स नाही तर केबिन फिल्टर काढून बघा, तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि बऱ्याच गाड्यांत हाताने निघतो, मिस्त्रीची गरज नाही.

गॅस खरंच कमी असला की लक्षणं वेगळी असतात. एसी चालू केल्यावर कंप्रेसरचा क्लच (कंप्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा) टक करून लागतो आणि काही सेकंदात सुटतो, परत लागतो, परत सुटतो. कारण गॅस कमी झाला की प्रेशर स्विच कंप्रेसर वाचवायला लाइन तोडतो. अजून कमी झाला की क्लच लागतच नाही. इथे काही हुशार मंडळी प्रेशर स्विचला वायरचा तुकडा जोडून डायरेक्ट करतात. हे कृपया कोणाला करू देऊ नका, कंप्रेसरचं ऑइल गॅससोबतच फिरत असतं, गॅस नाही म्हणजे ऑइल फिरत नाही, कंप्रेसर कोरडा चालतो आणि जाम होतो, मग त्याचा धातूचा चुरा सगळ्या लाइनमध्ये पसरतो आणि पूर्ण सिस्टिम धुवायची वेळ येते.

गेज बघून "प्रेशर बरोबर आहे" म्हणणं

एसी बंद असताना गेजवर जे दिसतं त्यावरून गॅस किती आहे ते कळतच नाही. ३० डिग्रीला आर-१३४ए चं प्रेशर साधारण ९५ ते १०० पीएसआय असतं, आणि सिस्टिममध्ये थोडा जरी गॅस लिक्विड रूपात उरलेला असेल तोवर ते तेवढंच राहणार, गॅस निम्मा असो की पुरा. चालू एसीतलं रीडिंग जरा जास्त सांगतं, पण तेही बाहेरचं ऊन, फॅन, इंजिनचा स्पीड यावर हलतं.

म्हणून गॅस वजनावर भरायचा. बॉनेटच्या आत एक स्टिकर असतो त्यावर कुठला गॅस आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, छोट्या-मध्यम गाड्यांत चार-पाचशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा गॅसमध्ये शंभर ग्रॅम इकडे तिकडे म्हणजे खूप झालं. आणि "थोडा जास्त मारतो, जास्त थंड होईल" हा तर शुद्ध गैरसमज आहे, जास्त गॅसने प्रेशर वाढतं, कंप्रेसरवर लोड येतो, आणि कूलिंग उलट कमी होते. जुना गॅस मशीनने पूर्ण काढायचा, किती ग्रॅम निघाला ते लिहून घ्यायचं (यावरून लीक किती मोठा आहे तेही कळतं), मग दुरुस्ती, आणि मग वजन करून नवीन.

लीक न शोधताच भरणं, किंवा चुकीच्या जागी शोधणं

शोधायला आधी डोळे वापरा. गॅस जिथून सुटतो तिथून थोडं ऑइलपण बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या पाईपच्या जॉइंटला काळपट ओलसर डाग दिसला, बाकी पाईप कोरडा पण तेवढाच भाग तेलकट, की तिथे संशय घ्यायचा. टॉर्च घेऊन पाच मिनिटं बॉनेटमध्ये डोकं घातलं तर बरेच लीक असेच सापडतात.

सगळ्यात स्वस्तातला लीक गॅस भरायच्या तोंडातच असतो. तिथे आत मोटरसायकलच्या ट्यूबसारखी पिन असते, वरचं प्लास्टिकचं झाकण काढून साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका, बुडबुडा फुगायला लागला की पिन गेली. शंभर-दोनशेचं काम, आणि यासाठी लोकांनी कंडेन्सर बदललेले आहेत. त्या झाकणालाही आत रबर असतं, ते नुसतं शोभेला नाही, हरवलं असेल तर नवीन लावा.

मग कंडेन्सर. तो गाडीच्या अगदी नाकावर बसलेला, त्यामुळे डंपरमागून उडालेला खडा सरळ त्यालाच लागतो, आणि समुद्राकाठच्या गाड्यांना खारी हवा ॲल्युमिनियम हळूहळू खाते. रत्नागिरी-मालवणकडच्या गाडीचा कंडेन्सर खालच्या कडेने पांढरी पावडर धरून सडलेला दिसेल. ॲल्युमिनियम वेल्डिंग करून देणारे आहेत, पण कडेचा पाईप असेल तरच करून घ्या, मधल्या बारीक नळ्यांना लावलेलं वेल्डिंग किंवा एम-सील टिकत नाही, आतलं प्रेशर भर उन्हात २५० पीएसआय आणि त्याच्याही वर जातं.

जॉइंटच्या ओ-रिंग (रबरी गोल रिंग) वाळून कडक होतात. बदलताना एसीच्याच, हिरव्या नाहीतर काळ्या, पण आर-१३४ए ला चालणाऱ्या घ्यायच्या, एसीचं ऑइल लावून बसवायच्या. प्लंबरच्या दुकानातली मापाची रिंग आणून बसवली तर सहा महिन्यांत परत तिथेच.

कंप्रेसरचं शाफ्ट सील गेलं की क्लचभोवती तेलाचा फवारा उडालेला दिसतो, बॉनेटच्या आतल्या बाजूलासुद्धा रेघ उमटते. जी गाडी महिनोन्महिने उभी असते किंवा जिचा मालक थंडीत एसीला हातच लावत नाही तिथे हे जास्त होतं, कारण ऑइल न फिरल्यामुळे सील कोरडं पडतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवायला काय जातंय, पावसाळ्यात काचा साफ ठेवायला लागतोच.

उरली कूलिंग कॉइल, ती डॅशबोर्डच्या पोटात, डोळ्याला दिसत नाही. तिथे डिटेक्टर (गॅसचा माग काढणारं मशीन) लागतो. पंधरा मिनिटं एसी बंद ठेवून मशीनचं टोक ड्रेन पाईपच्या तोंडाशी धरायचं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली उतरतो. बाकी जॉइंट तपासतानाही टोक खालच्या बाजूने फिरवायचं, वरून फिरवून "काही नाही" म्हणणारे खूप आहेत. लीक फारच बारीक असेल तर सिस्टिममध्ये यूव्ही डाय (चमकणारा रंग) टाकून आठ-पंधरा दिवस गाडी चालवायची आणि मग निळ्या लाइटखाली बघायचं.

रिकामी सिस्टिम तपासायला नायट्रोजन भरतात आणि जॉइंटना फेस लावतात. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा भरून नको, तिच्यातलं पाणी आत राहतं. आणि "व्हॅक्यूम धरला, लीक नाही" हे पण पूर्ण खरं मानू नका, व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त एक वातावरणाचा दाब असतो, चालू एसीत आतून बाहेर त्याच्या पंधरापट, शिवाय व्हॅक्यूमने ओ-रिंग आत ओढून बसते आणि लीक लपतो.

व्हॅक्यूमला कंटाळा करणं

लाइन एकदा खोलली की हवा आणि ओल आत गेलीच. ती ओल एक्स्पान्शन व्हॉल्वमध्ये बर्फ होऊन अडकते, मग एसी अर्धा तास थंड, नंतर गरम, थोडं थांबलं की परत थंड, असा खेळ सुरू. आणि ऑइलशी मिळून ॲसिड होतं ते आतून खातं. व्हॅक्यूम पंपाने दाब इतका खाली जातो की पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघतं, पण त्याला वेळ लागतो, कमीत कमी अर्धा तास. चहा प्यायला जा, पण पंप चालू आहे ना ते बघून जा. सिस्टिम बरेच दिवस उघडी राहिली असेल तर ड्रायरपण (ओल शोषून घेणारा भाग) बदलायचा.

डब्यातला सीलंट आणि स्वस्त गॅस

ऑनलाइन डबे मिळतात, टाका आणि लीक बंद. ओल लागली की हे सीलंट घट्ट होतं, आणि ओल लाइनच्या आतही असू शकते, मग लीकऐवजी व्हॉल्व बंद होतो. त्यात अशी गाडी आली की चांगला वर्कशॉपवाला आपलं महागडं मशीन लावायला नको म्हणतो, आणि त्याचं बरोबर आहे.

स्वस्त गॅसचं जरा गंभीर आहे. भेसळीच्या सिलिंडरमध्ये एलपीजीसारखा पेटणारा गॅस निघतो, आणि त्याहून वाईट म्हणजे मिथाइल क्लोराइड, जो ॲल्युमिनियमशी रिॲक्शन करून स्फोटक होतो. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये असा गॅस भरलेल्या रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे स्फोट होऊन माणसं गेली होती. सीलबंद, नावाच्या कंपनीचा कॅन तुमच्यासमोर फोडायला सांगा. नवीन काही गाड्यांत आर-१२३४वायएफ नावाचा वेगळा गॅस असतो, तो महाग पडतो म्हणून त्यात आर-१३४ए ढकलू देऊ नका.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर ऑइलबद्दल कडक राहा. साध्या गाडीत पीएजी ऑइल, यांच्या हाय व्होल्टेज कंप्रेसरला बहुतेक वेळा पीओई नावाचं वेगळं ऑइल, कारण पीएजीमधून करंट गळतो आणि गाडी इन्सुलेशन फॉल्ट दाखवून बंद पडू शकते.

घरी पाना घेऊन जॉइंट सैल करून गॅस सोडणारे पण बघितलेत. लिक्विड हातावर उडालं तर कातडी गोठते, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, आणि शेजारी कोणी बिडी ओढत असेल तर तापलेल्या गॅसमधून विषारी वाफ तयार होते. शिवाय एक किलो आर-१३४ए हवेत सोडला तर तो हवामान तापवण्यात साधारण १४०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, म्हणून काढायचा तो रिकव्हरी मशीनमध्येच.

जुन्या गाडीची कूलिंग कॉइल

डिटेक्टरने कॉइलच दाखवली तर पार्टपेक्षा मजुरी जास्त सांगतील, कारण बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. बारा-तेरा वर्षांची गाडी असेल आणि गॅस एका महिन्यात जात असेल तर दोन सीझन गॅस भरत बसण्यापेक्षा एकदाच कॉइल करून टाका, हे माझं मत. मात्र डॅशबोर्ड खोलला आहे तर एक्स्पान्शन व्हॉल्व, तिथल्या सगळ्या ओ-रिंग आणि केबिन फिल्टर त्याच फेरीत बदलून घ्या, हीटर कॉइलवर पण नजर टाकायला सांगा. काम ॲडव्हान्स बुकिंगने जानेवारीत द्या, एप्रिलमध्ये मिस्त्रीकडे रांग असते आणि घाईत बसवलेला डॅशबोर्ड नंतर खड्ड्याखड्ड्याला कुरकुरतो. बिलावर नवीन पार्टची नावं, भरलेल्या गॅसचे ग्रॅम आणि ऑइलचा प्रकार लिहून घ्या, पुढच्या मिस्त्रीला ते लागतं.