किनाऱ्यावरचा वारा आणि लाटा मोजताना या चुका टाळा

वाऱ्याचा सरासरी वेग घ्यायचा, त्याचा घन करायचा आणि ऊर्जा काढून मोकळं व्हायचं, ही सगळ्यांत जुनी चूक. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, त्यामुळे सरासरीचा घन आणि घनांची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी होतात. अर्धा वेळ सेकंदाला ४ मीटर आणि अर्धा वेळ १० मीटर वारा वाहिला, तर सरासरी ७. सातचा घन ३४३. पण ६४ आणि १००० यांची सरासरी ५३२. म्हणजे दीडपटीहून जास्त फरक! म्हणून तासातासाची नोंद मागा. ती नसेल तर निदान वेगाचं वितरण, म्हणजे कोणत्या वेगाचा वारा किती वेळ वाहिला हे तरी मागा.

लाटांचंही तसंच, फक्त तिथे घनाऐवजी वर्ग. खोल पाण्यात लाटेच्या मोहऱ्याच्या (रुंदीच्या) दर मीटरला साधारण ०.४९ × उंचीचा वर्ग × ऊर्जा-काल (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ, ऊर्जेच्या हिशेबाने काढलेली सरासरी) इतके किलोवॅट मिळतात. उंची २ मीटर आणि काल ८ सेकंद असेल तर जवळपास १६. इथली उंची म्हणजे 'सिग्निफिकंट हाइट': सगळ्यांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. तुमचं उत्तर नेमकं दुप्पट येत असेल, तर एकसारख्या, नियमित लाटेचं सूत्र खऱ्या समुद्राला लावलेलं असणार. त्यात गुणक ०.९८ च्या आसपास असतो. उत्तर थोडंसंच फुगलेलं असेल तर काल तपासा. बोयाच्या (लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राच्या) नोंदीत बहुधा शिखर-काल, म्हणजे सगळ्यांत जास्त ऊर्जेच्या लाटांचा काल दिलेला असतो, आणि ऊर्जा-काल त्याहून साधारण दहा टक्क्यांनी कमी भरतो.

हे सूत्र उथळ पाण्यात वापरू नका. ८ सेकंदांच्या लाटेची खोल पाण्यातली लांबी सुमारे १०० मीटर, म्हणजे ५० मीटरपेक्षा कमी खोलीत तिला तळ जाणवू लागतो. किनाऱ्याजवळ लाट वळते, फुटते, तळाशी घासून ऊर्जा गमावते. खोल समुद्रातला आकडा किनाऱ्याच्या लांबीने गुणून 'एवढे गिगावॅट' सांगणारे नकाशे मला तरी पटत नाहीत. लाटा किनाऱ्याला तिरक्या येत असतील, तर हिशेब तिथेच फुगतो.

उपग्रह आणि हवामान-प्रारूपांचा डेटा फुकट मिळतो म्हणून डोळे झाकून घेऊ नका. इरा-५ या जागतिक हवामान-डेटासंचातला वाऱ्याचा एक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा असतो. किनाऱ्यावर त्यात अर्धी जमीन, अर्धा समुद्र येतो, आणि वारा खऱ्यापेक्षा मंद दिसू शकतो. जागेवर निदान एक वर्ष मोजा आणि ती नोंद दीर्घकालीन डेटाशी जोडून पाहा. समुद्री वारा दुपारी चढायला हवा. तो सकाळीच चढलेला दिसला, तर आधी वेळेचा पट्टा तपासा. डेटा बहुधा जागतिक वेळेत असतो.

उंचीची गफलतही नेहमीची. १० मीटरवरचा वेग १०० मीटरवर नेताना घातांक (उंचीबरोबर वेग किती वाढतो ते ठरवणारा आकडा) ०.१४ घ्या किंवा समुद्रावरचा ०.११, वेगात फरक जेमतेम सात टक्के वाटतो. ऊर्जेत तो पाव भागाइतका होतो.

बोयाच्या नोंदीतल्या रिकाम्या जागांकडे मात्र जास्त लक्ष द्या. बोया नेमका वादळातच तुटतो किंवा गप्प होतो. उरलेल्या दिवसांची सरासरी काढली, तर सगळ्यांत मोठ्या लाटा हिशेबातून निसटतात. पण त्या परत मिळवल्या म्हणून वीजही वाढते असं नाही. बऱ्याच पवनचक्क्या सेकंदाला २५ मीटरच्या पुढे थांबवल्या जातात, आणि लाटांची यंत्रं स्वतःला वाचवण्याच्या मागे लागतात. नॉर्वेतल्या टोफ्टेस्टालेनचं लाट-केंद्र १९८५ मध्ये सुरू झालं आणि १९८८ च्या अखेरीस वादळात उद्ध्वस्त झालं. म्हणून वार्षिक सरासरी मागताना त्याच कागदावर पन्नास वर्षांत एकदा येणाऱ्या लाटेची उंचीही मागा. एकेकटी लाट सिग्निफिकंट हाइटच्या जवळपास दुप्पट असू शकते, आणि यंत्राला तोंड द्यायचं असतं ते तिलाच.