काडीत घड की बाळी, ते आत्ताच ठरतंय

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात खरड छाटणी (नव्या काड्या वाढवण्यासाठीची उन्हाळी छाटणी) घेतलेल्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागा आता चाळीस दिवसांच्या आसपास आहेत. ऑक्टोबरात ज्या डोळ्यातून, म्हणजे काडीवरच्या अंकुरातून, घड निघायचा, तो डोळा आतून घडतोय तो याच तीन-चार आठवड्यांत.

डोळ्यात आधी नुसता एक बारीक उंचवटा येतो. त्याचा घड व्हायचा की बाळी (वेल आधाराला गुंडाळते तो तंतू), हे तेव्हा ठरलेलं नसतं. जनुकं दोन्हीची असतात. कुठल्या जनुकाची नक्कल उतरायची आणि कुठलं मिटलेलं राहायचं, एवढाच प्रश्न. इथं ‘डेला’ नावाची प्रथिनं वाढीला ब्रेक लावून बसलेली असतात. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक वाढलं की ती मोडतात, ब्रेक सुटतो, शेंडा पळतो आणि उंचवट्याची बाळी होते. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पिनो मनिए जातीपासून मिळालेली एक बुटकी वेल तपासली. तिच्या डेलाच्या जनुकात फक्त एका अक्षराचा फरक निघाला. त्यामुळे जिबरेलिनचा तिच्यावर असर होत नव्हता, आणि बाळीच्या जागी घड येत होते!

आता तुमच्या वेलीकडे बघा. पेरं लांब, बाळ्या जाडजूड, शेंडा हिरवागार लवचिक, म्हणजे आत जिबरेलिनचा जोर आहे. माझ्या बागेत एका वर्षी मेमध्ये युरिया जरा जास्तच गेला. काड्या बघून शेजारीपाजारी कौतुक करत होते. फळछाटणीनंतर मात्र ओळीच्या ओळी नुसत्या बाळ्या. वर्ष गेलं.

म्हणून नत्र आता आवरतं घ्या. नऊ-दहा पानांवर आलेली फूट सात पानांवर खुडून सबकेन (बगलफुटीची उपकाडी) केली नसेल, तर उद्या सकाळीच माणसं लावा. पाणी थोडं कमी करा, पण तोडू नका. वेल पार सुकली तर पानांची तोंडं मिटतात, अन्न तयार होणं थांबतं, आणि डोळ्याला द्यायला काही उरत नाही.

सीसीसी (क्लोरमेक्वाट, वाढ रोखणारं औषध) जिबरेलिन तयार होण्यावरच घाव घालतं, म्हणून ते चालतं. तरी माप लेबलाबाहेर जाऊ देऊ नका. त्याचा अंश लाकडात टिकतो. 2010 मध्ये आपली द्राक्षं युरोपात याच अंशापायी अडकली होती. निर्यातीची बाग असेल तर आधी सल्ला घ्या, मगच टाकीत घाला.

घडाच्या बाजूनं जोर लावतं ते सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक, आणि ते तयार होतं पांढऱ्या मुळीच्या टोकाशी. बोद (वेलींच्या ओळीतला मातीचा वरंबा) उकरून बघा. मुळी काळी पडली असेल, तर वरून 6-बीए (कृत्रिम सायटोकायनिन) मारून फारसं हाती लागत नाही. आधी शेणखत, आच्छादन आणि वाफसा.

सगळ्यात जास्त मला काळजी वाटते ती सावलीची. डोळ्यावर ऊन पडलं नाही तर घड धरत नाही. जूनचं ढगाळ हवामान दाराशी आहे, तेव्हा फुटींची विरळणी लांबवू नका. दुपारी मांडवाखाली उभे राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसले पाहिजेत. दिसत नसतील तिथं दाटीतल्या कमजोर फुटी आजच काढा. आणि सप्टेंबरात छाटणीची तारीख धरण्याआधी काड्यांचे डोळे तपासून घ्या, म्हणजे कितव्या डोळ्यावर कात्री लावायची ते कळेल.