कॅज्युअल्टीत परतताना या चुका टाळा. बाहेरगावचं कॉन्ट्रॅक्ट त्यानंतर

"मॅडम, सहा वर्षं घरी होते. आता मुलगा शाळेत जायला लागलाय. पुण्याची एक एजन्सी तीन महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट देतेय, राहायची सोयही आहे. घेऊ का?"

मीही सिस्टर, म्हणून नोकरीत खंड पडलेल्या नर्सचे असे फोन सांगली-मिरजेत मला बरेचदा येतात. त्यांना कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, परतायचं असतं. घरखर्च, मुलांची फी, हातचं शिक्षण वाया जातंय ही खंत, सगळं त्या एका प्रश्नात असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. जा, पण आत्ता लगेच नको.

मला दिसणारी सगळ्यात मोठी चूक हीच आहे. खंडानंतर परतणं आणि परक्या गावी ड्यूटी करणं, दोन्ही एकदमच सुरू केलं जातं. कॉन्ट्रॅक्टवर बोलावणाऱ्या हॉस्पिटलला तयार हात हवा असतो. एक-दोन दिवस ओळख करून देतात आणि तिसऱ्या दिवशी नाईटला उभं करतात. श्वासनळीत नळी घालायला लागणारा लॅरिंगोस्कोप कुठे आहे, रक्तपेढीला फोन कोणी करायचा, एमएलसीचं, म्हणजे पोलीस केसचं, रजिस्टर कोणाकडे असतं, यातलं काहीच माहीत नसतं. त्यात हातही सहा वर्षांनी थंड पडलेले. आधी घराजवळच्या कॅज्युअल्टीत किमान सहा महिने काढा, आणि त्यात नाईट नक्की करा. फक्त सकाळची ड्यूटी मागून परतलेल्या सिस्टरला कॅज्युअल्टी निम्मीच कळते.

"मला येतं सगळं"

मी स्वतः पाच वर्षांच्या खंडानंतर २०१३ मध्ये परतले. दुसऱ्याच आठवड्यात एक पेशंट आला, मॉनिटरवर सरळ रेषा, म्हणजे हृदय थांबलेलं. डॉक्टर बोलायच्या आत मी अ‍ॅट्रोपिन भरलं होतं. ते म्हणाले, "सिस्टर, अ‍ॅड्रेनलीन." सरळ रेषेसाठीचं अ‍ॅट्रोपिन २०१० च्याच मार्गदर्शक सूचनांमधून वगळलं होतं. मी शिकले त्याआधी. त्या रात्री घरी जाऊन मी खूप रडले. विसरलेली गोष्ट आपण निदान कोणाला तरी विचारतो. पाठ असलेली जुनी गोष्ट मात्र विचार करायच्या आत हातातून होऊन जाते, म्हणून धोका तिचा जास्त.

तेव्हा रुजू होण्याआधी बीएलएस आणि एसीएलएस, म्हणजे जीव वाचवण्याचे प्राथमिक आणि पुढचे कोर्स, नव्याने करा. त्यांचं प्रमाणपत्र दोन वर्षंच चालतं. छाती दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास, अ‍ॅड्रेनलीन १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी, हे झोपेतही सांगता आलं पाहिजे. नाडी मंदावल्यावर द्यायच्या अ‍ॅट्रोपिनचा पहिला डोससुद्धा २०२० मध्ये अर्ध्या मिलिग्रॅमवरून १ मिलिग्रॅम झाला. आणि ड्यूटीवर आल्या आल्या क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची आणि साधनांची गाडी, स्वतः उघडून बघा. हँडओव्हरमध्ये "सगळं आहे" म्हणाले, तरी बघा.

आपल्या भागाचे पेशंट विसरणं

कोर्समध्ये हार्ट अटॅक शिकवतात, आणि तो हवाच. पण आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात फडाशेजारी जमिनीवर झोपलेली माणसं असतात. पहाटे कोणी पोटात दुखतंय म्हणून येतो, दंशाची खूण धड दिसत नाही, सूजही नसते. पापण्या जड वाटत असतील तर मण्यारीचा विचार लगेच करा आणि डॉक्टरांना बोलवा.

सर्पदंशात करायच्या वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीत दोन चुका होतात. रक्त प्लास्टिकच्या नळीत घेतलं तर निकालावर विसंबता येत नाही. नळी काचेची, स्वच्छ, कोरडी हवी, आणि वीस मिनिटं ती हलवायची नाही. दुसरी चूक जास्त घातक: रक्त गोठलं म्हणून दंश बिनविषारी समजणं. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर काम करतं, त्यामुळे रक्त नीट गोठूनही श्वास थांबू शकतो. तेव्हा श्वासावर नजर ठेवा. लहान मुलाला सर्पदंशाची लस, म्हणजे विषावरचं औषध, कमी द्यायची, असं काही जणींच्या मनात पक्कं असतं. तसं नसतं. सापाने सोडलेलं विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही, म्हणून डोस मोठ्यांइतकाच लागतो. लस सुरू करताना अ‍ॅड्रेनलीन भरून हाताशी ठेवा.

कागदपत्रं

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. खंडात ते हमखास राहून जातं आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी आठवतं. सगळ्यात आधी तेच काम काढा. राज्याबाहेर जायचं तर तिथल्या कौन्सिलचीही नोंदणी लागते. मिरजेहून म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, बसने थोडाच वेळ, पण कौन्सिल कर्नाटकचं.

कॉन्ट्रॅक्ट हातात आल्यावर

मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. माझी एक मैत्रीण आठ महिने फक्त त्यासाठी अडकून पडली होती. "कॅज्युअल्टी" असं बोलून वॉर्डात टाकतात, म्हणून विभागाचं नाव कागदावर मागा. महिन्याला नाईट किती, एका वेळी पेशंट किती, मध्येच काम थांबवलं तर पगाराचं काय, खोलीचं भाडं कोण देणार, हेही लेखी हवं. लेखी द्यायला एजन्सी का-कू करत असेल, तर मी तरी सही करणार नाही.

आखाताचं बोलावणं असेल तर एजंट परदेशातल्या नोकरभरतीसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. लाखांत मागितले तर तिथेच थांबा. अमेरिकेतल्या तेरा आठवड्यांच्या ट्रॅव्हल नर्सिंगचे व्हिडिओ बघून पुष्कळजणी विचारतात. त्याला आधी एनक्लेक्स-आरएन ही तिथली नर्सिंगची परीक्षा, तिथल्या राज्याचं लायसन्स आणि व्हिसा लागतो, आणि नुकताच केलेला कामाचा अनुभवही. म्हणजे वाट पुन्हा आपल्या इथल्या कॅज्युअल्टीतूनच जाते.

निघायच्या आधी एजन्सीच्या माणसाबरोबर तिथल्या इनचार्ज सिस्टरचाही नंबर घ्या, आणि एकदा बोला. पहिल्या नाईटला सोबत कोण असेल, हे त्यांनाच विचारा.