हिरवा ठिपका म्हणजे हलाल? पाकीट घेताना या चुका टाळा

रत्नागिरीच्या आमच्या घरात सुट्टीला परदेशातून कुणी आलं की चॉकलेटं नि जेलीच्या पाकिटांची रास पडते. एका वर्षी भावाच्या मुलाने अर्धं पाकीट फस्त केलं आणि मग कुणाचं तरी लक्ष मागच्या जर्मन मजकुराकडे गेलं. 'श्वाइन', म्हणजे डुक्कर. 'पण दुबईत हीच जेली खातो की आम्ही!' वहिनी म्हणाली. खरं होतं तिचं, फक्त तिथली जेली दुसऱ्या कारखान्यातून आलेली होती. एकाच ब्रँडचा माल एका देशात डुकराच्या जिलेटिनचा (कातडी-हाडांपासून काढलेल्या चिकट पदार्थाचा) आणि दुसऱ्या देशात हलाल असू शकतो. म्हणून नाव ओळखीचं असलं तरी कुठे बनलंय ते वाचायचं.

सगळ्यात मोठी गफलत हिरव्या ठिपक्याची. तो बिनकामाचा नाही. भारतात ठिपका हिरवा असेल तर आत मांस, चरबी, जिलेटिन, अंडं किंवा कोचिनील किड्यांचा लाल रंग (लेबलवर १२०) नसावा, असा नियम आहे. अर्धी काळजी तिथेच मिटते. पण तो ठिपका शाकाहाराचा. अल्कोहोलशी त्याचा संबंध नाही.  तेव्हा रम घातलेली चॉकलेटं किंवा लिकर भरलेला केक ठिपका बघून घेऊ नका. शिवाय २०२० च्या लेबल-नियमांत दूध, मध आणि मेण यांच्यासोबत शेलॅकलाही मांसाहारातून वगळलं आहे. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्याचा राळेसारखा पदार्थ, लेबलवर ९०४. गोळ्यांवरची चकाकी बऱ्याचदा त्याची असते. तो चालतो की नाही यावर उलेमांत मतभेद आहेत. ज्यांना मानता त्यांनाच विचारा.

उलट चूकही होते: मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण दिसला की पाकीट परत ठेवणं. बिस्किटात फक्त अंडं असलं तरी त्रिकोणच लागतो. कोळंबीच्या वेफर्सवरही तोच. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई (सुन्नींमधला एक पंथ, हनफी हा दुसरा), त्यामुळे समुद्रातलं आम्हाला चालतं. सासर हनफी असेल तर कोळंबीवरूनही वाद रंगतो आणि खेकड्याचं तर नावच काढायचं नाही. त्रिकोणापाशी थांबू नका, घटकांची यादी वाचा.

मग व्हॉट्सअ‍ॅपवरची, लेबलवरच्या घटकांच्या आकड्यांची यादी. '६३१ म्हणजे डुकराची चरबी' हा निरोप तुमच्याकडेही आला असेल. ६३१ ही चरबीच नव्हे. ती चव वाढवणारी पावडर आहे, मांस-मासळीपासून बनते तशी साखर-स्टार्च आंबवूनही बनते. ४७१ चंही (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) तसंच: वनस्पती तेलातून किंवा प्राण्याच्या चरबीतून. आकडा स्रोत सांगत नाही. इथल्या पुड्यावर हिरवा ठिपका असेल तर प्राणिज स्रोताची शंका उरत नाही. परदेशी पुड्यावर ठिपका नसतो, तिथे मात्र ४७१ खरंच अडचणीचं. चीज फ्लेवरच्या चिप्समध्ये 'एन्झाइम्स' एवढंच लिहिलेलं असलं तरी तेच, कारण चीजसाठी दूध गोठवणारं एन्झाइम, म्हणजे रेनेट, वासराच्या पोटातूनही काढतात.

अशा वेळी पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर थेट लिहा: '४७१ कशापासून?' फक्त 'हलाल आहे का?' विचारलंत तर गुळमुळीत उत्तर येतं.