मधुमेहात काढे आणि अर्क घेताय? या चुका टाळा

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की हे रोज ऐकू येतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीची पट्टी घेता घेता गिऱ्हाईक हळूच विचारतं, "हळदीच्या कॅप्सूल आहेत का हो? पाय सुजतायत." पहिली गफलत इथेच होते: हळद दाह कमी करते असं ऐकलेलं असतं, आणि दाह म्हणजे हीच सूज असं वाटतं. मधुमेहातला दाह डोळ्यांना दिसत नाही. तो आत धुमसतो आणि इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. एचएस-सीआरपी या रक्ततपासणीत त्याचा अंदाज येतो (सर्दी-तापात ही तपासणी करू नका, आकडा उगाच चढा येतो). बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो ती पायाची सूज निराळी. तिचं मूळ मूत्रपिंडात किंवा हृदयात असू शकतं. हळदीवर महिना घालवण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवा.

"आमची आजी रोज हळद खायची"

खायची, पण आमटीतली. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन (हळदीतला औषधी मानला जाणारा घटक) साधारण 3 टक्के, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. उकळून गाळलेल्या काढ्यातलं बरंचसं गाळणीतच राहतं. उलट 95 टक्के अर्काची 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे पाचेक चमचे हळदीतलं कर्क्युमिन. त्यात बऱ्याच डब्यांत मिरीतलं पायपरिन घातलेलं असतं. त्याने कर्क्युमिनचं शोषण 20 पट वाढल्याचं 1998 साली बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं. पण पायपरिन तुमच्या इतर गोळ्यांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय ही कॅप्सूल नकोच.

कडू म्हणजे औषध, हा समज

2010 साली दिल्लीत एका मधुमेही शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. दुधी कडू निघाला तर त्यातली कुकुरबिटासिनं ही कडू द्रव्यं विषारी असतात, आणि कारल्याच्या कडवटपणात ते कळतच नाही. म्हणून दुधीची फोड आधी चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी फेका, आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका.

नुसतं कारलं, मेथी किंवा गुडमार घेतलं तरी ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिनसोबत साखर 70च्या खाली जाऊ शकते. घाम, हातांची थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात घालून घ्या आणि 15 मिनिटांनी साखर पुन्हा मोजा. व्होग्लिबोज (आतड्यात साखरेचं पचन मंदावणारी गोळी) चालू असेल तर घरातली साखर लवकर उपयोगी पडत नाही, तिथे ग्लुकोजच हवं. हे मी पट्टी देताना सांगतो, पण ऐकणारे थोडेच.

गुळवेल

करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी उकळले. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी असे काढे घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या, खोडावर गाठी असलेल्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होते, असं त्यांचं म्हणणं. कुंपणावरची वेल तोडून आणणाऱ्याला हा वाद तसाही सुटणार नाही. काढा चालू असताना लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, तर काढा बंद करून यकृताची तपासणी करा.

साखर वाढली तर?

काही जण दोन-तीन गोष्टी एकदम सुरू करतात आणि मग कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच घ्या आणि साखर वहीत लिहा. त्या एका गोष्टीचा नेमका परिणाम एचबीए1सीमध्ये (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) कळायला तीन महिने लागतात, तोवर चालू गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून सोडू नका.

एक पुडी मात्र हमखास संशयाची: दोन दिवसांत सांधेदुखी गायब आणि साखर 300 वर. बिनलेबलच्या "जडीबुटी"त स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं. महिनोन्‌महिने घेत असाल तर एकाएकी बंदही करू नका. उरलेली पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.