वर्कफ्लोसाठी डेटाबेस तपासताना टेबल आधी जुनं होऊ द्या

वर्कफ्लो इंजिनसाठी, म्हणजे अनेक पायऱ्यांची कामं क्रमाने चालवणाऱ्या प्रणालीसाठी, डेटाबेस निवडायचा म्हटलं की बरेच जण पीजीबेंच हे पोस्टग्रेस डेटाबेसचा वेग मोजणारं साधन चालवतात आणि सेकंदाला किती ट्रान्झॅक्शन झाली ते कळवतात. आकडा खरा असतो, पण आपल्या उपयोगाचा नसतो. पीजीबेंचची मूळ चाचणी टीपीसी-बी या प्रमाणित वेगचाचणीच्या धर्तीवर, बँकेच्या शिलका बदलणारी आहे. आपल्याकडे मात्र तीच ओळ 'थांबलेली', 'चालू', 'संपलेली' अशी बदलत राहते आणि सगळे वर्कर, म्हणजे कामं पार पाडणारे प्रोग्रॅम, एकाच टेबलात पुढचं काम शोधत असतात.

म्हणून स्क्रिप्ट स्वतःची लिहा. तीन क्वेऱ्या पुरतात: काम उचलणं, ते संपवून पुढची पायरी टाकणं, आणि वर्कर जिवंत असल्याची नोंद. काम उचलताना 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' हवंच, म्हणजे दुसऱ्याने लॉक केलेली ओळ सोडून वर्कर पुढची उचलतो. पोस्टग्रेसमध्ये ते 9.5 पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये 8.0 पासून. ते नसेल तर सगळे वर्कर एकाच ओळीसाठी ताटकळतात आणि तुम्ही मोजता ती फक्त लॉकची रांग. पायरीसोबतचा डेटाही खऱ्या आकाराचाच भरा.

कामं ठरावीक वेगाने सोडा. पीजीबेंचमध्ये त्यासाठी 'रेट' हा पर्याय आहे. नाहीतर डेटाबेस अडकला की स्क्रिप्टही थांबते, नवी कामं येतच नाहीत आणि ती अडचण निकालात जेमतेम दिसते.

आता मुख्य गोष्ट. माझी पहिली चाचणी दहा मिनिटांची होती, टेबल कोरं, निकाल सुरेख. प्रत्यक्ष वापरात तिसऱ्याच दिवशी कामं रेंगाळू लागली. रिपोर्टचं एक सेशन ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून तासन्‌तास बसलं होतं. त्यामुळे व्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या साफसफाईला, मेलेल्या ओळी (ओळ बदलल्यावर मागे उरणाऱ्या जुन्या प्रती) काढता येत नव्हत्या आणि एक जिवंत काम सापडेपर्यंत इंडेक्समधून लाखो मेलेल्या नोंदी तुडवाव्या लागत होत्या. त्या रात्री मी जागून एकेक सेशन तपासलं. तेव्हापासून हा प्रसंग मी चाचणीतच मुद्दाम घडवते: दुसऱ्या सेशनमध्ये 'रिपीटेबल रीड' (शेवटपर्यंत डेटाचं एकच जुनं चित्र धरून ठेवणारं) ट्रान्झॅक्शन सुरू करायचं, एक सिलेक्ट चालवायचं आणि दोन तास तसंच सोडून द्यायचं. तेवढ्या वेळात 'पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्स'मधला मेलेल्या ओळींचा आकडा दर मिनिटाला टिपून ठेवा.

ऑटोव्हॅक्यूमचा, म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्या व्हॅक्यूमचा, मूळ हिशोबही बघा. टेबलाच्या 20 टक्के ओळी मेल्यावर तो जागा होतो. टेबलात 1 कोटी ओळी असतील तर 20 लाख मेलेल्या ओळी साचेपर्यंत काहीच होत नाही. कामांच्या टेबलापुरतं हे प्रमाण 1 टक्क्यावर आणा आणि चाचणी पुन्हा घ्या. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की फरक डोळ्यांनी दिसतो. चेकपॉइंटची, म्हणजे मेमरीतले बदल डेटा फाइलींत उतरवण्याची, मूळ मुदत 5 मिनिटं असते, त्यामुळे त्याहून छोट्या चाचणीत त्याचा धक्का दिसेलच असं नाही.

मोजायचं काय? एक पायरी संपल्यापासून पुढची पायरी वर्करने उचलेपर्यंतचा वेळ. सरासरी नको, 99 वा पर्सेंटाइल घ्या, म्हणजे शंभरातल्या 99 पायऱ्या ज्याच्या आत उचलल्या गेल्या तो वेळ.

दोन डेटाबेसची तुलना करताना कमिट डिस्कवर पक्कं करण्याची सेटिंग दोन्हीकडे सारखी ठेवा. मग ऐन भारात सर्व्हरची वीज तोडा, परत सुरू करा आणि मोजा: 'संपली' असं उत्तर मिळालेली प्रत्येक पायरी टेबलात आहे का. एक जरी गायब असेल तर त्या सेटिंगवरचे वेगाचे सगळे आकडे मी बाद धरते.