मेंदूवर ठेवायचा ग्राफीन इलेक्ट्रोड कसा तयार करावा

इलेक्ट्रोड नेमका कशासाठी हवा, हे सर्वांत आधी ठरवावे. मेंदूचे विद्युतसंकेत नोंदवत असतानाच खालच्या पेशी सूक्ष्मदर्शकातून पाहायच्या असतील, तर ग्राफीनचा (कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या पापुद्र्याचा) एकच थर घ्यावा. तो दृश्य प्रकाशाचा जेमतेम २.३ टक्के भाग शोषतो. मेंदूला विद्युतप्रवाह देऊन उद्दीपित करायचे असेल, तर मात्र या थराची विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) अपुरी पडते आणि जाड, सच्छिद्र ग्राफीनच वापरावे लागते. येथे पहिला प्रकार घेतला आहे.

तांब्याच्या फॉइलवर सुमारे १००० अंश सेल्सिअसला मिथेनपासून वाढवलेले ग्राफीन विकत मिळते. ते स्वतः वाढवण्याचा हट्ट सुरुवातीला धरू नये. सोन्याच्या वाहिन्या पॅरिलीन-सी या प्लास्टिकच्या लवचिक फिल्मवर आधीच काढून ठेवाव्यात. बाहेरच्या संशोधकांनी अशा कामासाठी पवईच्या आयआयटीतील नॅनोफॅब्रिकेशन केंद्राकडे चौकशी करावी.

खरी कसोटी ग्राफीन तांब्यावरून उचलण्यात लागते. त्यावर पीएमएमए या ॲक्रिलिक प्लास्टिकचा पातळ थर आधारासाठी द्यावा, फॉइलच्या मागील बाजूस वाढलेले ग्राफीन ऑक्सिजन प्लाझ्माने (आयनीभूत ऑक्सिजन वायूने) काढावे (ही पायरी हमखास राहून जाते) आणि तांबे विरघळण्यासाठी फॉइल अमोनियम परसल्फेटच्या द्रावणावर तरंगत ठेवावी. फेरिक क्लोराइडनेही तांबे विरघळते, पण लोहाचे अवशेष मागे राहतात. उरलेला पापुद्रा शुद्ध पाण्यात अनेकदा धुऊन, पॅरिलीनची फिल्म तिरकी धरून अलगद उचलावा. मुंबईच्या पावसाळ्यात पापुद्र्याखालचे पाणी उघड्या हवेत सुकेल या भरवशावर राहू नये. निर्वात डेसिकेटरमध्ये (ओलावा काढून टाकणाऱ्या बंद भांड्यात) रात्रभर ठेवून, मंद उष्णता देऊन मगच ॲसिटोनने पीएमएमए काढावा, नाहीतर ग्राफीनला सुरकुत्या व चिरा पडतात. त्यानंतर फोटोलिथोग्राफी (प्रकाशाने नक्षी उमटवण्याची पद्धत) आणि ऑक्सिजन प्लाझ्मा वापरून ग्राफीनला हवा तो आकार द्यावा आणि केवळ संकेत टिपण्याच्या जागा उघड्या ठेवून वर विद्युतरोधक थर चढवावा.

ग्राफीनचा दर्जा रामन वर्णपटावरून (लेसर प्रकाशाच्या विकिरणातून मिळणाऱ्या आलेखावरून) कळतो, पण पॅरिलीनच्या स्वतःच्या रेषा त्यात मिसळतात, म्हणून त्याच फॉइलचा एक तुकडा ऑक्साइडयुक्त सिलिकॉनवर घेऊन तपासावा. वर्णपटातील २७०० प्रति सेंमी जवळचे शिखर १५८० जवळच्या शिखराच्या सुमारे दुप्पट असावे. १३५० जवळ ठळक शिखर दिसल्यास थर दुखावला आहे असे समजावे.

प्राण्यांवरील प्रयोगासाठी संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज याच सुमारास करावा, कारण मंजुरीला वेळ लागतो. तोवर इलेक्ट्रोड फॉस्फेटयुक्त सलाइनमध्ये ३७ अंशांवर बुडवून ठेवावा आणि १ किलोहर्ट्झवरील प्रतिबाधा (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध) रोज नोंदवावी. ती एकाएकी वाढली, तर ग्राफीन फाटले किंवा वाहिनी तुटली असण्याची शक्यता असते. घसरली, तर विद्युतरोधक थरातून द्रव आत शिरला असावा आणि असा नमुना बाजूला काढावा.